दोन्ही बाजूंनी आलेली नागीण

वरची वाडी, ता. पोलादपूर
२९ ऑक्टोबर २०२४

सौ. अंकितास आशीर्वाद,

पत्राच्या वर आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते. मनात राग हाय तो हाय.

तुझा फोन लागत नाय. आशाताई सरिता बोलली, "काकी, तिने तुमचा नंबर बंद करून ठेवलाय." बरं केलंस. मी सातवी पास हाय आणि पत्र काय कोणाला बंद करता येत नाय. पोस्टमन दारात आणून टाकेल, मग वाच नायतर चुलीत घाल.

सातवा महिना, ओटी भरायची राहिलेली, हिरवी साडी आणून ठेवलेली, आणि तू भावाने आणलेल्या रिक्षात बसून तुडीलला निघून गेलीस. घरात सासू हाय, तिला एका शब्दाने विचारलंस? मी गवत कापायला गेले होते. भारा घेऊन आले तर दाराला कडी, आणि ओट्यावर शेजारचे चांगूभावजी. ते बोलले, "सूनबाईचा भाऊ आला होता गो, रितेश. घेऊन गेला." माझ्या घरात काय झालं ते मला शेजाऱ्याने सांगायचं. चाळीस वर्षं या घरात काढली त्याचं हे फळ.

आणि माहेरी जाऊन काय सांगितलंस? सासूने पोटावर माती थापली, पाच आठवडे घरात बसवून ठेवलं, पोर मरायला टाकली. तुझ्या आईने, आवडीविहीणबाईंनी, हे चार बायांत बोलून दाखवलं. त्या चारांतली एक आमच्या खालच्या वाडीची माहेरवाशीण निघाली. तुडीलचं बोलणं दोन दिवसांत माझ्या पाणवठ्यावर आलं.

मग आता माझं ऐक. गौरी गेल्या आणि तुझ्या बेंबीभोवती खाज सुटली. आधी तांबडे गोल चट्टे, मग त्यांच्या कडेने पाण्याचे फोड. तू नखांनी ओरबाडून घ्यायचीस तेव्हा तुझे हात धरून कोण बसलं? मी. निंबाच्या पाल्याने वारा कोणी घातला? मीच. माझा भरत मुंबईत कुरिअरच्या गोदामात खोकी मोजत होता आणि तुझ्या माहेरचं तर कोणी फिरकलं पण नव्हतं.

नागीण उतरवायचा हात मला माझ्या आईकडून आलाय. चार गावची माणसं माझ्या ओट्यावर येतात ती काय उगाच येत नायत. सहाणेवर तांदळाच्या धुवणात गेरूची तांबडी काव उगाळायची, दूर्वांच्या काडीने नागिणीच्या तोंडापुढे रेघ ओढायची, म्हणजे ती पुढे सरकत नाय. मग वरून लेप द्यायचा आणि सात दिवस पाणी लावायचं नाय. एका नारळाशिवाय मी कधी कोणाकडून काय घेतलं नाय. तुझ्या पोटावर तर मी तीनदा लेप दिला, तीन सप्तके. त्याला तू माती म्हणतेस.

डॉक्टरकडे नेलं नाय असं तर अजिबात बोलू नको. अठरा सप्टेंबरला एसटीने तुला महाडला कोणी नेलं? स्टँडमागच्या त्या पोरगेल्या डॉक्टरकडे दीड तास बाकड्यावर बसलो आपण दोघी. त्याने काय केलं? लांबून बघितलं. हात लावला नाय. "हा कसला चिखल" बोलला. चिखल. गुलाबी पाण्याची बाटली हातात दिली नि वाटेला लावलं. शिकलेल्या माणसाने नीट बघितलं नाय तर आम्ही काय करायचं? बोट दाखवायचं तर त्याच्याकडे दाखव. तुझे पाच आठवडे त्याने घालवले.

मग आपली आशाताई सरिता मध्ये पडली. मागच्या सोमवारी तुला परस्पर महाडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या बाईंनी भरल्या पोटाचे दोन तुकडे कापले, एक फोडाच्या कडेचा नि एक शेजारच्या चांगल्या कातडीचा, आणि मुंबईला तपासायला धाडले. आमच्या वेळी गरोदर बाईच्या पोटाला कोणी सुई पण लावत नव्हतं. वर रोज सकाळी खायच्या गोळ्या. भरतने गोळीचं नाव मोबाईलवर घालून बघितलं तर स्टेरॉइड निघालं. पैलवान लोक खातात ते. बाळ वाकडं होतं म्हणे त्याने. त्याचा फोन तुलाही आला असेल. तो तुझा नवरा हाय, मुंबईत चार लोकांत वावरतो, त्याला आपल्यापेक्षा कळतं. गोळ्या बंद कर.

आणि दिवाळी झाली की घरी ये. हिरवी साडी घडीतच हाय.

बयाबाई
(तुझी सासू, विसरली असशील तर)


वरची वाडी
६ नोव्हेंबर

अंकिता,

आज आशीर्वाद मनापासून लिहिते.

भाऊबीजेच्या दिवशी सरिता धावत आली. बोलली, तू गोळ्या एकाएकी बंद केल्यास आणि पाचव्या दिवशी अंगभर फोड उठले. तळहातावर, तळपायावर, मांड्यांवर. कप धरता येत नाय. महाडच्या दवाखान्यात ठेवलंय आणि आवडीविहीणबाई चमच्याने पेज भरवतात. ऐकून मी चुलीपुढे बसले ती उठलेच नाय, भात खाली लागला.

तुला गोळ्या टाकायला कोणी सांगितलं? भरतने. मी पण लिहिलं होतं खरं, पण ते पत्र तुला उशिरा पोचलं असेल. पोचलं असेल तर फाडून टाक.

मी त्याला लगेच फोन लावला. बोलले, "काय रे, तू डॉक्टर कधी झालास?"

तर बोलतो, "आई, नेटवर लिहिलंय ना, साइड इफेक्ट हाय."

"नेटवर तुझी बायको झोपलीय का? ती दवाखान्यात हाय. तिच्या पायाखाली केळीचं पान घातलंय, चादर चिकटते म्हणून. येऊन बघ."

"आई, आता सीझन हाय. सुपरवायझर सुट्टी नाय देत."

मी बोलले, "मग त्या सुपरवायझरलाच विचार, माझ्या बायकोने कुठली गोळी खायची," आणि फोन ठेवला. मोबाईलवर बोट हलवून माणूस मारायचं नि वर सीझन हाय बोलायचं. माझ्या पोटचा हाय म्हणून मला जास्त राग येतो.

सोमवारी मी महाडला गेले. खोटं कशाला सांगू, भांडायला गेले. डॉक्टरीणबाई बारक्या अंगाच्या हायत, केस पिकत आलेत. मी दारातूनच बोलले, "बाई, माझ्या सुनेला काय दिलंत तुम्ही?" त्या बोलल्या, "आजी, आधी बसा, पाणी प्या. मग भांडू." असं बोलल्यावर माणसाने काय भांडायचं.

मुंबईचा रिपोर्ट आलाय. आजाराचं नाव त्यांनी सरिताला कागदावर लिहून दिलं, पेम्फिगॉइड जेस्टेशनिस. मला ते वाचताना दोनदा थांबावं लागलं. मग त्यांनी सोपं करून सांगितलं. "प्रत्येकाच्या अंगात एक राखण असते. बाहेरून रोग आला की ती त्याच्याशी झुंजते. या मुलीची राखण गरोदरपणात चुकली आणि तिच्याच कातडीवर उठली. म्हणून वरचा पापुद्रा सुटतो आणि खाली पाणी भरतं. हे तिला कुणाकडून लागलेलं नाही आणि तिच्याकडून कुणाला लागणार नाही. हजारो बायकांत एखादीला होतं."

मी विचारलं, "मग ही नागीण नाय?"

"नागीण एका शिरेवर येते, अंगाच्या एकाच बाजूला. पाठीच्या कण्याकडून निघते आणि पोटाच्या मध्यावर थांबते, पलीकडे जात नाही. हिचे फोड बेंबीपासून दोन्ही बाजूंना पसरले होते. तुम्ही बघितलंच असेल."

मी पदर नीट केला.

मग गोळ्यांचं विचारलं. त्या बोलल्या, ही गोळी आईच्या अंगात काम करते, तिचा मोठा भाग वारेतच मोडतो, बाळापर्यंत थोडाच पोचतो. म्हणूनच हीच गोळी निवडली. खरा धोका आजार मोकळा सोडण्यात हाय, बाळ बारीक राहतं, दिवस भरायच्या आधी येतं. गोळी वाढवायची तर त्या वाढवतील, कमी करायची तर त्याच करतील, एक-एक पायरी. एकदम थांबवायची नाय. रक्तातली साखर नि बीपी दर खेपेला बघायचं, बाळाची सोनोग्राफी करायची.

निघताना त्यांनी विचारलं, "पाच आठवडे कुणालाच दाखवलं नाही?" मी बोलले, "दाखवलं ना. त्या स्टँडमागच्या डॉक्टरला. त्याने हात पण लावला नाय." त्यांनी ते तुझ्या कागदावर लिहून घेतलं. लिहू दे. असल्या डॉक्टरांची नावं लिहूनच ठेवली पायजेत.

गोळ्या खा. सकाळी, पोटभर खाऊन. भरतचा फोन आला तर उचलू नको. मीच तुला आधी थांबव बोलले होते नि मीच आता खा बोलते, हसायचं तर हस.

बयाबाई


वरची वाडी
२७ नोव्हेंबर

अंकिता,

तू तुडीलला परत आलीस, नवे फोड थांबले, जुने सुकतायत, हे सरिताकडून कळलं. देवापुढे साखर ठेवली. तुझ्याकडून एक ओळ आली असती तर बरं वाटलं असतं, पण ते असो.

परवा तुझा भाऊ रितेश वाडीवर आला. ओट्यावर बसला, पाणी पण घेतलं नाय. टाइप केलेला कागद काढला. त्या महाडच्या डॉक्टरवर तक्रार. गरोदर बाईला तपासायला नकार दिला, रोग ओळखला नाय, आई नि बाळाच्या जिवाशी खेळला. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे द्यायचीय. बोलला, "मावशी, तुमची सही पायजे. त्या दिवशी आत तुम्हीच होतात. अंकिता बाहेर बाकड्यावर होती, तिला भोवळ आली होती."

मी सही केली. का नाय करणार? जे बोलले ते बोलले. रितेश बोलला, त्या डॉक्टरचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतोय, पेशंट कमी झालेत, बोर्डाला कोणी डांबर फासलंय. बरी खोड मोडली. चिखल म्हणतो.

रितेश गेल्यावर मला जेवण गेलं नाय. पित्त झालं असेल.

एक गोष्ट झाली ती सांगते. काल चांगूभावजी सदरा वर करून माझ्यापुढे उभे राहिले. नागीण. उजव्या बरगडीवरून निघालेली, पुढे येऊन बेंबीपाशी थांबलेली, कोणी रेघ मारून अडवल्यासारखी. मी सहाण काढली, काव काढली, धुवण घेतलं, आणि उगाळता उगाळता हात थांबला. बोलले, "भावजी, पोलादपूरच्या दवाखान्यात जा. तिथे गोळ्या मिळतात, लवकर घेतल्या तर कळ कमी राहते." आशाताईच्या मागे फिरून मला एवढं कळायला लागलंय.

ते चिडले. "स्वतःच्या सुनेला तीनदा लावलीस गो, आणि मला एकदा नाय लावत?"

सदरा खाली करून ते रागाने निघून गेले. आज सकाळी मात्र दवाखान्याचा कागद दाखवून गेले.

मी आजवर बघितलेल्या सगळ्या नागिणी अशाच बेंबीपाशी थांबल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगायच्या आधीच मला ते ठाऊक होतं. तुझी थांबली नव्हती.

बयाबाई


महाड, एसटी स्टँड
१९ डिसेंबर

अंकिता,

हे पत्र स्टँडवर बसून लिहिते हाय. पोलादपूरची गाडी अजून लागली नाय.

मला तुझ्या खाटेपर्यंत येऊ दिलं नाय ते तुला कळलं का, की तू झोपली होतीस? मुलगी झाली, एक किलो नऊशे, दिवस भरायच्या चार आठवडे आधी, हे मला सरिताने सांगितलं. माझ्या नातीचा जन्म मला दुसरीच बाई सांगते. मी तुपाची वाटी, डिंकाचे लाडू नि जुनं मऊ लुगडं घेऊन आले. आवडीविहीणबाई दारात उभ्या. बोलल्या, "तुमचे हात लागायला नकोत." दोन हात चौकटीच्या दोन्ही बाजूंना लावून उभ्या होत्या. मी त्यांच्या जागी असते तर मी पण तेच केलं असतं. पण राग आला तो आला.

मग आतून तुमच्यातलीच एक म्हातारी बोलली, बाळाच्या पाठीवर पण फोड हायत, नागीण बाळात उतरली, आता कोणाकडून तरी उतरवून घ्या. तेव्हा मी दारातूनच आवाज चढवला. बोलले, "नागीण नाय ती. आईच्या रक्तातली राखण थोडी बाळात गेलीय, डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. तीन-चार आठवड्यांत आपोआप जाईल. कोणी काय लावलं तर मी आशाताईला सांगून पोलीस आणीन." सगळ्या बाया माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. नागीण उतरवणारी बयाबाई हे बोलते. नर्सही हसली, पण मान डोलावली.

विहीणबाईंनी हात खाली घेतले नायत. नर्सने काचेतून मला पेटीतलं बाळ दाखवलं, तेवढं दाखवलं. मूठ तोंडात घालून झोपलं होतं. पाठीवर चार फोड, मी मोजले. बाकी अंग स्वच्छ, भरतचं कपाळ.

लाडू नर्सकडे दिलेत. तूप पातळ होऊ देऊ नको.

भरत शनिवारी येतोय. उशिरा आला तरी त्याला आत घे, पण औषधाचं बोलू देऊ नको.

बयाबाई


वरची वाडी
२३ डिसेंबर

अंकिता,

हे पत्र बसून वाच. बाळ पेटीत असेल तर तसंच राहू दे, मांडीवर असेल तर आईकडे दे.

त्या दिवशी स्टँडवरून पत्र पोस्टात टाकायला गेले ती वाट त्या डॉक्टरच्या दवाखान्यावरून जाते. मी मुद्दाम गेले नाय. शटर अर्धं वर, आणि तो स्वतः स्टुलावर चढून रॉकेलच्या बोळ्याने बोर्ड पुसत होता. पोरगेलाच हाय गो, भरतपेक्षा लहान. मी तोंड फिरवून जाणार तेवढ्यात त्याने ओळखलं. माझ्या सहीचा कागद त्याच्याकडे पोचला होता, तरी तक्रारीचं त्याने काय काढलं नाय. त्याने विचारलं, "आजी, ती मुलगी कशी आहे? बाळंत झाली का?"

मी बोलले, "मुलगी झाली."

"बरं झालं. त्वचेच्या डॉक्टरांकडे पोचली ना शेवटी?" आणि परत बोर्ड पुसायला लागला.

आता सगळं लिहिते. मध्येच थांबले तर परत लिहिणं व्हायचं नाय.

त्याने बघायला नकार दिला नव्हता. तुला टेबलावर घेतलं, बत्ती खाली केली आणि बघितलं तर पोटभर वाळलेली काव. तुला भोवळ आली म्हणून नर्सने तुला बाहेर बाकड्यावर नेऊन बसवलं. मग त्याने मला विचारलं, "हे कुणी लावलं? भरल्या पोटावर असला चिखल?" मी काय बोलले माहीत हाय? मी बोलले, "गावातल्या एका बाईने." चाळीस वर्षांचा हात नि मला स्वतःचं नाव घेता आलं नाय. त्या चिखल शब्दाने मला इतकं लागलं की पुढचं सगळं मी रागात ऐकलं.

पुढचं त्याने सरळ सांगितलं होतं. "हे धुतल्याशिवाय मला खालचं काही दिसत नाही. इथेच कोमट पाणी आहे, नर्स हलक्या हाताने धुवून देईल." मी बोलले, सात दिवस पाणी चालत नाय. तो बोलला, "आजी, गरोदर बाईच्या पोटावर फोड आहेत, ही साधी गोष्ट नाही." मी नाय बोलले ते नायच. शेवटी तो बोलला, "मग उद्या घरी धुवून आणा. नक्की आणा. सोमवारी कातडीच्या डॉक्टर येतात, मी त्यांना आजच फोन करून ठेवतो." गुलाबी पाणी तोवर खाजेसाठी दिलं होतं. आणि चिठ्ठी लिहून दिली.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "काय बोलले, आई?" मी बोलले, "काय नाय गो, उष्णता हाय." तू मान हलवलीस. माझ्या हाताला धरून स्टँडपर्यंत चालत आलीस.

दुसऱ्या दिवशी मी तुला का नेलं नाय ते मी स्वतःला रोज विचारते. माझी आई सांगायची, नागिणीचं तोंड नि शेपूट कमरेभोवती मिळालं की माणूस राहत नाय. तुझी दोन्ही बाजूंनी येत होती. अशी मी कधी बघितली नव्हती. मी घाबरले. काव धुतली तर रेघ पुसेल, रेघ पुसली तर दोन्ही टोकं मिळतील, आणि तू जाशील, बाळासकट जाशील. हे खरं हाय. आणि ज्याने चिखल म्हटलं त्याच्यापुढे तो चिखल धुवून परत जायचं, हे माझ्याने झालं नसतं. हेही खरं हाय. यातलं कुठलं जास्त खरं ते मला ठरवता येत नाय. तू ठरव.

तर पाच आठवडे त्याने घालवले नायत. ते मी घालवले. मग गोळ्या थांबवायला लिहिलं ते वेगळंच. तू घरातून गेलीस त्याबद्दल मी तुला केवढं बोलले. तू गेलीस म्हणून वाचलीस.

गुरुवारी महाडला त्या डॉक्टरची चौकशी हाय. मी जाणार. सरिता बरोबर येते. अधिकाऱ्यापुढे सही मागे घेईन आणि जे झालं ते सांगेन, रितेशच्या देखत सांगेन. त्याला खाली बघायला लागेल याचं वाईट वाटतं, त्याला मीच फसवलं. गावात लोक मला तोंडावर बोलतील. बोलू देत, चार दिवस पाणवठ्यावर मी खालच्या अंगाला उभी राहीन. पण त्या डॉक्टरलाही मी सांगणार हाय, बाबा रे, तुझं सगळं बरोबर होतं, पण म्हाताऱ्या बाईपुढे चिखल म्हणायचं नाय. ते मी विसरलेले नाय.

तू मला माफ करावंस म्हणून हे लिहीत नाय. दोन गोष्टी मात्र ऐक. बाळंतपणानंतर आजार परत उसळू शकतो, म्हणून त्या बाई सांगतील तोवर गोळ्या सोडू नको. आणि त्या बोलल्यात, पुढच्या खेपेला हे परत येऊ शकतं, आणि लवकर येतं. पहिली खाज सुटली की त्याच दिवशी महाडला जा. मला विचारू नको, भरतला विचारू नको. बारशाला बोलावलंस तर येईन. नाय बोलावलंस तर इथे बसून नाव विचारीन सरिताला.

बाळगुटी उगाळायला माझी सहाण द्यायची असं मी ठरवलं होतं. तिच्यात काव मुरलीय, कितीही घासली तरी तांबडी राहते. ती देत नाय. दुकानातून नवी आण, आणि गुटी द्यायची की नाय ते पण आधी डॉक्टरीणबाईंना विचार.

सोबत चिठ्ठी हाय. चौकशीसाठी मी पोलादपूरला झेरॉक्स काढलीय, झेरॉक्सात डाग काळे येतात. खरी तुला धाडते. इतके दिवस ती मी कावेच्या डब्यात ठेवली होती, फाडायला हात झाला नाय. थोडी तांबडी झालीय, पण अक्षर स्वच्छ हाय. वर तुझं नाव लिहिलंय, अंकिता भरत, वय चोवीस. खाली लिहिलंय, पोट धुवून उद्या सकाळी आणावे, उशीर करू नये.

तुझ्या नावाची चिठ्ठी होती ती. तुला शहाण्णव दिवसांनी पोचते हाय.

बयाबाई